आधी नमस्कार, मग लाथ

बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीला मी गाडी मानत नाही. नातू म्हणतो, "आजी, नुसता अंगठा लावायचा, बास." अंगठा लावायला ते काय खरेदीखत आहे? गाडीला लाथ लागते. चाकणजवळ माझ्या माहेरी जिथं कांद्याचे वाफे होते, तिथं आता गाड्यांचे कारखाने आहेत. रोज तिथून किती गाड्या बाहेर पडतात देव जाणे, पण त्यांतल्या एकीलाही लाथ खायची सवय नाही. म्हणून त्या अशा लाडावलेल्या. मी मात्र ज्या गाडीच्या नादाला लागले तिनं मला पहिल्या दिवसापासून घाम फोडला, आणि त्या नादापायी माझा संसार मोडता मोडता राहिला.

ती फटफटी आमच्या घरी आली बैलगाडीतून.

लग्न होऊन मी ताथवड्याला आले त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. गेल्या शतकातल्या पन्नास-साठच्या मधली ही गोष्ट. तेव्हाचं ताथवडं म्हणजे ज्वारी, भुईमूग, बाभळी आणि शेजारच्या घरी काय शिजतंय ते वासावरून सांगणारी माणसं. आमचे हे देहूरोडला मिलिटरीच्या डेपोत कामाला होते. सायकलीनं जायचे आणि धापा टाकत परत यायचे. डेपोतला जुना माल अधूनमधून लिलावात निघायचा. शहाणी माणसं ताडपत्री आणायची, नाहीतर बूट. ह्यांनी फटफटी आणली. हिरवी, टाकीला पोचा आलेली, लढाई बघून दमलेली. डेपोतल्या एका दोस्तानं ह्यांना ती चालवायला शिकवलं होतं, सुरू तोच करून द्यायचा. त्या दिवशी ती वाटेत बंद पडली आणि दोस्त तर जवळ नव्हता. मग मामंजी, म्हणजे माझे सासरे, बैल जुंपून गेले आणि तिला घेऊन आले. बैलगाडीत ती दोरखंडानं बांधलेली, आणि नवरीशेजारी मुराळी बसतो तसे हे तिच्याशेजारी बसलेले.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दारात आल्या. नवं जितराब, बैल नाहीतर म्हैस, घरात आलं की करतात तसं त्यांनी सगळं केलं. भाकरतुकडा ओवाळून टाकला, चाकांवर पाणी घातलं, तिच्या पुढच्या दिव्याला हळदकुंकू लावलं. नारळ फोडला आणि सगळ्यांना बजावलं, "लक्ष्मी हाय. हिला कुनी पाय लावायचा न्हाई."

तिथंच तर घोडं पेंड खात होतं. कारण ही लक्ष्मी लाथ घातल्याशिवाय जागची उठत नव्हती. उजव्या अंगाला तिला एक लोखंडी दांडी होती, तिला म्हणायचं किक. त्या किकेवर पाय देऊन जोरात खाली दाबायचं. हे अंगानं उसाच्या वाढ्यासारखे. लग्नात माझ्या वडिलांनी जावई पाहून म्हटलं होतं, "पोरगा गुणाचा हाय, वाऱ्यावावदानात तेवढा जपा." असा माणूस त्या लढाईतून आलेल्या गाडीला लाथ घालणार म्हणजे काय! घरचे शेतावर गेल्याचं पाहून ह्यांनी गोठ्यामागं परसात तिला उभं केलं आणि घातली लाथ. गाडीनं ती परत केली. किक अशी उलटी आली की हे गोवऱ्यांच्या ढिगात जाऊन बसले.

मी भांडी घासत होते. तोंडात पदर कोंबला तरी हसू बाहेर फुटलं.

"हसाया काय झालं?" हे ढिगातूनच ओरडले. "तू मार बघू!"

ह्यांना वाटलं मी लाजून आत पळेन. मी हात धुतले. आमचं नऊवारी लुगडं, कासोटा घातलेला, पाय मोकळे. शहरातल्या बाया गोल पातळात कशा चालतात हे कोडं मला आजही सुटलेलं नाही, किक तर लांबच. माहेरी मी डोईवर दोन हंडे घेऊन विहिरीच्या पायऱ्या चढलेली होते, त्यामुळे पायात जोर होता. पण नुसत्या जोराचं हे काम नव्हे, हे पाय ठेवताच कळलं. दांडी हळू दाबली की एका जागी ती घट्ट होते, जात्यात खडा अडकल्यावर होतं तसं. जात्याला तिथं दांडगाई केली तर खुंटा हातात येतो. मी दांडी जराशी पुढं सरकू दिली आणि मग सगळा भार टाकला.

फटफट, फटफट, फटफट! तो थरथराट तळपायातून वर चढला आणि थेट दातांपर्यंत आला. कोंबड्या उडाल्या, म्हशीनं दावं ताणलं. मला जेवढा आनंद झाला तेवढा लग्नातही झाला नव्हता. लग्नात मला कुणी काही विचारलं नव्हतं. इथं मी सांगितलं आणि एवढं धूड जागं झालं. त्या दिवसापासून मी तिची झाले, ते आजतागायत.

हे मात्र खाली मान घालून अंगावरचा गोवऱ्यांचा भुगा झटकत होते. म्हणाले, "कुनाला बोलू नगंस. बायकू सुरू करून देती म्हटल्यावर मी डेपोत तोंड कुठं दावू?" मी शब्द दिला. मलाही बोलायची सोय नव्हतीच. सुनेनं लक्ष्मीला लाथ घातली हे आत्याबाईंना कळलं असतं तर नारळाऐवजी माझंच डोकं फुटलं असतं.

मग आमचं रोजचं ठरलं. तांबडं फुटायच्या आत गोठ्यामागं मी तिच्या दिव्याला हात लावून नमस्कार करायचा, माफी मागायची आणि लाथ घालायची. हे तिच्यावर बसून घराला वळसा घालून पुढच्या दारी यायचे. मामंजी ओसरीवरून कौतुकानं पाहायचे. "पोरानं वाघीन माणसाळवली," असं ते चारचौघांत सांगायचे. वाघीण माणसाळवणारी आत चुलीपुढं भाकरी थापत असायची.

डेपोतून परत येताना काय करायचे, असं कुणीही विचारेल. तर हे गाडी नेहमी उतारावर लावायचे. सुटी झाली की उतारावरून घरंगळत न्यायची, तेवढ्यात ती सुरू व्हायची. ह्यांना सारी गावं उतारावरून माहीत झाली. कुणी सांगवीच्या लग्नाचं आवतण दिलं की हे आधी विचारायचे, मांडव चढावर आहे का सपाटीला. सपाटीवरची कितीतरी लग्नं आमची बुडाली.

माझं वेड वाढतच गेलं. रविवारी जुन्या लुगड्याच्या चिंधीनं मी तिला पुसायची. प्लग काढून राखेनं घासायला शिकले. तिचा आवाज जरा बसला तर मला ह्यांच्या खोकल्याहून जास्त काळजी वाटायची, हे खोटं कशाला सांगू? एकदा जेवताना मामंजींनी भाकरीचा घास थांबवला आणि म्हणाले, "ह्या भाकरीला कसला गं वास येतोय?"  आत्याबाईंनी माझ्या हातांकडं पाहिलं.

आणि मग ओढ्यावरचं ते बोलणं झालं.

वरच्या आळीत माझ्या एक चुलत सासूबाई राहायच्या. गावात टपाल उशिरा यायचं, पण त्यांच्याकडची बातमी कधी उशिरा आली नाही. ओढ्यावर धुणं धुताना त्या शेजारी येऊन बसल्या. इकडचं तिकडचं झालं आणि त्यांनी ह्यांच्याबद्दल विचारलं, "कामाला येळंवर निघत्यात न्हवं आता?"

माझं सगळं ध्यान फटफटीत. त्या दिवशी पहाटे तिनं फार छळलं होतं.

"निघत्यात की," मी म्हटलं. "पर सकाळी लाथ घालावी लागती."

चुलत सासूबाईंचं धोपाटणं वरच्या वर राहिलं. "लाथ?"

"व्हय. येकच, पर नेम धरून. थंडीच्या दिसात दोन-तीन बी लागत्यात."

"आन कुठं गं घालतीस?"

"उजव्या अंगाला, खालती."

"आन मंग?"

"मंग काय! जरा गुरगुरायचं, धूर काढायचा आन गुमान डेपोला जायाचं."

एवढं बोलून गेले आणि जीभ चावली. गुपित! घाईघाईनं मी मनात सगळं बोलणं पुन्हा तपासलं. फटफटीचं नाव माझ्या तोंडून एकदाही गेलं नव्हतं. केवढं हायसं वाटलं म्हणून सांगू! पिळे बादलीत टाकले आणि मी गाणं गुणगुणत घरी आले.

आता आमच्या वेळची रीत अशी होती की बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. "जेवले का?" म्हटलं की नवरा. "ताप आलाय" म्हटलं की नवरा. बाईच्या बोलण्यात जिथं नाव नाही तिथं नवरा, हे बारक्या पोरालाही ठाऊक. मी मोठ्या हुशारीनं फटफटीचं नाव गाळलं होतं, आणि त्या रिकाम्या जागेवर चुलत सासूबाईंनी ह्यांना बसवलं होतं. आणि धुराचं म्हणाल तर हे बिडी ओढायचे.

दिवेलागणीपर्यंत गावभर झालं की खालच्या आळीतली सून रोज सकाळी नवऱ्याला लाथ घालून कामाला धाडते. कुणी विश्वास ठेवला नसता. पण आदल्याच रविवारी ह्यांना हुक्की आली होती, एकदा आपण करून पाहावं. मी दळणाला गेलेली असताना ह्यांनी किक मारली आणि तिनं उलट नडगी फोडली. तेव्हापासून हे लंगडत होते. चावडीवरची माणसं ह्यांची चाल बघायची आणि एकमेकांना म्हणायची, "बघा राव, उजव्याच अंगाला हाय."

घरात आत्याबाईंनी माझ्याशी बोलणं सोडलं. लेकाच्या ताटात मात्र तुपाची धार वाढली. ह्यांना वाटलं, गाडीमुळे घरात मान वाढला. मला काहीच उमगेना. शेवटी एका संध्याकाळी आत्याबाई चुलीपुढं येऊन उभ्या राहिल्या. "चाकनच्या बाजाराला जानाऱ्याबरूबर तुझ्या बाला सांगावा धाडलाय. येऊन घेऊन जाईल तुला. नवऱ्याला लाथ मारनारी सून आमाला नगं."

माझी भाकर तव्यावरच करपली. सगळं एकदम डोक्यात आलं. ओढा, धोपाटणं, धूर. पण बोलायचं काय? खरं सांगावं तर ह्यांची अब्रू जाते आणि दिलेला शब्द मोडतो. न सांगावं तर मी जाते.

रात्री ह्यांना गोठ्यात गाठून सांगितलं. ह्यांनी गाडीच्या टाकीवर बोट फिरवलं आणि मग जे बोलले ते ऐकून मी थक्क झाले.

"लाथ मलाच बसली, असंच ऱ्हाऊ दे," हे म्हणाले. "बायकूची लाथ खाल्ली तर लोक चार दिस हसतील. पर गाडी बायकू सुरू करती म्हटल्यावर जल्मभर हसतील."

"आन मला माहेरी धाडत्यात त्याचं?"

ह्याचा विचार ह्यांनी केलाच नव्हता. तोंड एवढंसं झालं. मग पुटपुटले, "मंग इकून टाकू हिला. सगळा झगडाच मिटंल."

माहेरी जायच्या भीतीनं मी अर्धी झाले होते, पण हे ऐकून मला रडूच फुटलं. "मला धाडायचं तर धाडा, तिला न्हाई इकायची," मी म्हटलं. कोणती बायको असं म्हणेल? पण मी म्हटलं.

वडील बैलगाडी घेऊन आले. ओसरीवर घोंगडं अंथरलं. मामंजी, माझे वडील आणि गावातली चार जुनी माणसं बसली. गूळपाणी झालं, पावसापाण्याचं झालं. मी दाराआड. हे खांबाला टेकून उभे, नडगीला फडकं. चुलत सासूबाई साखर उसनी मागायला आल्या होत्या आणि वाटी हातात घेऊन तिथंच थांबल्या होत्या.

माझे वडील तापट, पण न्यायाचे. दाराकडं न बघता त्यांनी विचारलं, "पोरी, लाथ मारलीस का?"

"मारली."

ओसरीवर कुणी खाकरलं. वडिलांचा चेहरा पडला. "कुनाला?"

मी ह्यांच्याकडं पाहिलं. हे जमिनीकडं बघत होते. माझा धीर सुटला. पदर सावरून मी दाराबाहेर हात काढला आणि अंगणातल्या फटफटीकडं बोट केलं. "हिला."

 मग सगळ्यांत म्हातारे होते ते हसले. "बाईमानूस ही फटफटी उठीवतंय व्हय? दाव मंग."

मी पायरी उतरले. पण मामंजींनी हात वर केला. सुनेनं सासऱ्यापुढं, बापापुढं, गावच्या थोरांपुढं पाय उचलायचा? ही कुठली रीत? सगळे पेचात पडले. तेवढ्यात आत्याबाई दारातून कडाडल्या, "मंग पाठ करा की समदी!"

आणि खरोखर, ओसरीवरचे सगळे फेटे भिंतीकडं वळले. आमचा न्यायनिवाडा असा भिंतीकडं तोंड करून बसला. मी नमस्कार केला. ह्यांनी गाडी पडू नये म्हणून लंगडत येऊन हँडल धरलं. पहिली लाथ फुकट गेली. दुसरी गेली. भिंतीकडून माझ्या वडिलांचा उसासा ऐकू आला. मी डोळे मिटले, दांडीतला तो खडा पायानं हुडकला आणि तिसरी घातली.

फटफट, फटफट, फटफट!

फेटे गर्रकन वळले. त्यांना काय दिसलं? हे हँडल धरून उभे, आणि मी पदर ओढून बाजूला. म्हातारबाबांनी मांडीवर थाप मारली. "वा गड्या! ह्यानंच सुरू केली की! मंग सुनंचा काय संबंध?"

सुटका झाली होती ती ह्यांची. एक शब्दही बोलावा लागत नव्हता. नुसतं हसायचं, आणि मी बैलगाडीत बसून चाकणला. मी ह्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. काय बघायचं?

तेव्हा हे काहीतरी बोलले. गाडीच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही.

"काय म्हनतोस?" मामंजींनी कानाला हात लावला.

हे पुन्हा बोलले, मोठ्यानं. "ऑं?" म्हातारबाबा म्हणाले.

ह्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि मानेच्या शिरा ताणून ओरडले. नेमक्या त्याच क्षणी फटफटीनं एक आचका दिला आणि बंद पडली. त्या शांततेत सगळ्या आळीनं ऐकलं, "मला सुरू करता येत न्हाई! पयल्या दिसापास्नं हीच करती!"

चुलत सासूबाईंची साखर सांडली.

कुणी हसलं नाही. हसायचं की काय करायचं ते ठरायच्या आत आत्याबाई अंगणात आल्या. त्या बाईमाणूस, त्यांनी पाठ केलीच नव्हती. "म्या बघितली," त्या म्हणाल्या. "लाथ सुनंचीच. आन नमस्कार बी केला तिनं आदी." मग माझ्याकडं वळून, "भाकरीला वास मारतोय तवाच मला कळाया पायजे हुतं. हितनं फुडं ध्येनात ठेव. आदी नमस्कार, मंग लाथ. लक्ष्मी हाय ती."

माझे वडील मोकळी बैलगाडी घेऊन परत गेले. जाताना म्हणाले, "पाय माझ्या आईवर गेलाय हिचा," आणि फेट्याच्या शेवानं डोळे पुसले. मी पळत गाडीमागं वेशीपर्यंत गेले.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर ह्यांनी फटफटी गोठ्यामागं नेली नाही. पुढच्या दारी, भर आळीत उभी केली आणि मोठ्यानं हाक मारली, "अगं, ये की! उशीर हुतोय!" नवऱ्यानं बायकोला असं चारचौघांत बोलवायची तेव्हा पद्धत नव्हती. मी नमस्कार केला आणि लाथ घातली. डेपोत बातमी पोचलीच होती. तिथं लोक चिडवायचे, "काय राव, पाय घरी ठिवून आलास व्हय?" हे म्हणायचे, "पाय घरी हाय म्हनून तर येळंवर आलो." आणि उतारावरची गाडी काढून घरी यायचे. पुढं एका रविवारी देहूरोडच्या सरळ सडकेवर हे मागं सरकले आणि म्हणाले, "सुरू तू करतीस, तर हाक बी तूच." पण ती पडझड सांगण्यासारखी नाही, कोपराचे वण अजून आहेत तेवढे पुरेत.

हे जाऊन आता बरीच वर्षं झाली. हिरवी फटफटी घरीच आहे. दसऱ्याला तिला झेंडू वाहतो. नातू हँडल धरतो, मी नमस्कार करते आणि लाथ घालते. गुडघा कुरकुरतो, पण दांडीतला खडा पायाला अजून सापडतो. ती सुरू झाली, आवाज आळीभर झाला, की मी त्या आवाजात ह्यांचं नाव घेते. उखाण्याबिखाण्यात नाही. सरळ, मोठ्यानं, हाक मारल्यासारखं. कुणाला ऐकू जात नाही. गाडी मध्येच बंद पडेल की काय, एवढीच धाकधूक असते.